चांदबीबी: अहमदनगर-विजापूर सोयरीक आणि सोलापूरचं आंदण

चांदबीबी (जन्म साधारण 1550, मृत्यू 1600) ही अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाची मुलगी, आई खुंझा हुमायूँ, आणि लग्नानंतर विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाची बेगम. तिला चांद सुलताना किंवा चांद सुलतान असंही म्हणतात. अहमदनगरच्या किल्ल्याच्या खिंडारात हातात तलवार घेऊन उभी राहिलेली चांदबीबी शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांच्या ओळखीची आहे त्यामुळे त्याबद्दल इथे थोडक्यातच. या नोंदीचा विषय आहे तिचं लग्न. तालिकोटच्या लढाईची (दखनी सुलतानांनी मिळून 1565 मध्ये विजयनगरशी केलेली) माहिती वाचताना हे लग्न एका ओळीत उरकलेलं दिसतं, "मग दोन्ही घराण्यांत सोयरीक झाली" एवढंच, पण ही बाई पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं त्या सोयरिकीतच जगली आणि दोन्ही दरबारांत तिच्यावर जे आरोप झाले तेही तिथूनच आले.

सोलापूर कुणाचं?

आंदण म्हणून सोलापूरच का दिलं हे कळायला मागे जावं लागतं. बहमनी राज्य फुटत होतं तेव्हा परांडा आणि सोलापूर या भागात ख्वाजा जहान आणि झैनखान हे दोन भाऊ होते, त्यांच्याकडे मिळून अकरा परगणे, आणि त्यांची अर्धी वाटणी म्हणजे साडेपाच परगणे. हा "साडेपाच"चा आकडा फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या ग्रंथात परत परत येतो आणि पुढचं सगळं भांडण याच साडेपाच परगण्यांचं आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा 1511 च्या सुमाराला, विजापूरचा कारभारी कमालखान दखनीने सोलापूर घेतलं आणि निजामशाहीने ते कधीच मनापासून मान्य केलं नाही. नकाशा बघितला तर कारण लगेच कळतं, सोलापूर ज्याच्या हातात त्याला भीमेच्या दोन्ही बाजूंना हात पोचवता येतो.

आता पहिलं लग्न. 1524 च्या आसपास अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा (चांदबीबीचा आजोबा) आणि विजापूरचा इस्माईल आदिलशहा सोलापुरात भेटले आणि इस्माईलची बहीण मरियम सुलतान हिचं बुऱ्हाणशी लग्न लागलं. ही मरियम युसूफ आदिलशहा आणि त्याची मराठी बेगम बुबूजी खानम (मुकुंदरावाची बहीण) यांची लेक. लग्नात सोलापूर आणि ते साडेपाच परगणे आंदण म्हणून द्यायचं कबूल झालं असं अहमदनगरवाल्यांचं म्हणणं, आणि असा शब्द द्यायला कुणाला सांगितलंच नव्हतं असं विजापूरचं उत्तर. फिरिश्ता सांगतो की शब्द बेळगावच्या असदखानाने दिला होता. कोण खरं हे आज ठरवता येणं अवघड आहे पण फिरिश्ता विजापूरच्या आश्रयाला राहून लिहीत होता आणि तरीही शब्द दिल्याची गोष्ट त्याने गाळलेली नाही, त्यामुळे काहीतरी कबूल झालं होतं हे जास्त पटण्यासारखं आहे. आंदण मिळालं नाही म्हणून बुऱ्हाण वर्षभरात सोलापूरवर चालून गेला, हरला, आणि त्या लढाईत उन्हाने आणि तहानेने त्याची शुद्ध हरपली असंही सांगतात.

मरियमचं सासरी काय झालं? तिच्या आधी बुऱ्हाणची लाडकी बायको अमीना होती, ती मुळात नाच-गाणं करणारी, आणि तिच्या वागण्याची तक्रार मरियमने माहेरी भावाकडे केली, भावाने निजामशहाला बोल लावले आणि दोन दरबारांत परत कटुता आली. एका बाईच्या सासरच्या अपमानाची बातमी थेट परराष्ट्र व्यवहारात जाऊन बसते हे या लग्नांचं वास्तव होतं. आणि नातं लक्षात घ्या: ही अमीना म्हणजे हुसेन निजामशहाची आई, म्हणजे आपल्या चांदबीबीची आजी. विजापूरहून आलेल्या सुनेला जिने त्रास दिला असं म्हणतात तिचीच नात चाळीस वर्षांनी सून होऊन विजापूरला गेली. मरियमचा मुलगा शाहअली. 1553 मध्ये हुसेन गादीवर आला तेव्हा विजापूरने या शाहअलीची बाजू घेतली, आणि याच शाहअलीच्या मुलाला पुढे मलिक अंबरने दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं.

मधल्या काळात, 1552 च्या सुमाराला, बुऱ्हाणने विजयनगरच्या मदतीने सोलापूर जिंकून घेतलं. म्हणजे मरियमच्या लग्नात विजापूरने जे दिलं नाही ते निजामशाहीने तलवारीने घेतलं, आणि चांदबीबीच्या लग्नात तेच निजामशाहीने विजापूरला परत आंदण म्हणून दिलं. हे एवढं नीट डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

इथे एक शब्दाची गोष्ट. काही मराठी लिखाणात सोलापूर "मेहर म्हणून दिलं" असं येतं, ते चुकीचं आहे. मेहर नवऱ्याकडून बायकोला असतो आणि तो बायकोचा हक्क असतो. सोलापूर मुलीच्या बापाकडून गेलं, म्हणजे ते जहेज, आपल्याकडचं आंदण. आणि ते चांदबीबीच्या हातात आलं असं कुठेही दिसत नाही, किल्ला सरळ आदिलशाही फौजेच्या ताब्यात गेला. मुलीच्या नावाने दिलेलं गाव मुलीचं नव्हतं, हे स्पष्टपणे लिहायला हवं.

लग्न कधी झालं

वेगवेगळ्या पुस्तकांत 1562, 1563 आणि 1564 अशी तीन सालं सापडतात. गोंधळाचं एक साधं कारण हिजरी सनात आहे. हिजरी 971 हे ऑगस्ट 1563 ते ऑगस्ट 1564 आणि हिजरी 972 हे ऑगस्ट 1564 ते जुलै 1565, त्यामुळे फारसी ग्रंथात नुसतं साल असलं की इसवी सन एकाने इकडे-तिकडे होतो. पण 1562 साठी हे कारण पुरत नाही. तिथे घटनांचा क्रमच बघावा लागतो.

तो क्रम साधारण असा. अली आदिलशहा 1558 च्या आसपास गादीवर आला आणि त्याने सोलापूर आणि कल्याणी (आताचं बसवकल्याण) मागायला सुरुवात केली. हुसेनने दिलं नाही. मग अली, विजयनगरचा रामराय आणि गोवळकोंड्याचा इब्राहीम कुतुबशहा असे तिघं मिळून निजामशाहीवर आले, मुलुखाची भयंकर नासधूस झाली, आणि हुसेनला स्वतः रामरायाच्या छावणीत जाऊन कल्याणीच्या किल्ल्या द्याव्या लागल्या. त्या भेटीत रामरायाचा हात लागला म्हणून हुसेनने तिथेच पाणी मागवून हात धुतले आणि रामरायानेही मग तसंच केलं, अशी फिरिश्ताची गोष्ट आहे, ती शब्दशः घ्यायची गरज नाही पण दोघांच्या मनात काय होतं ते त्यातून कळतं. नंतर हुसेनने बाजू फिरवून इब्राहीम कुतुबशहालाच जावई केलं, चांदबीबीची बहीण बीबी जमाल हिचं लग्न कल्याणीला वेढा चालू असताना तिथल्या छावणीतच लागलं, साधारण 1563 मध्ये. त्यावर अली आणि रामराय परत चालून आले आणि परत नासधूस झाली. म्हणजे तोपर्यंत अली आणि हुसेन शत्रूच होते. त्यामुळे चांदबीबीचं लग्न बहिणीच्या लग्नानंतरचं धरावं लागतं आणि 1562 मागे पडतं. अलीकडचे बहुतेक अभ्यासक 1564 मानतात, बहुधा वर्षाचा उत्तरार्ध, इथेही तेच धरलंय. जन्मसाल 1550 हा अंदाजच आहे, पण तो बरोबर असेल तर लग्नात मुलगी चौदा वर्षांची होती.

रामरायाविरुद्ध एक होण्यासाठी ही सोयरीक करायची ठरली, तिच्यात पुढाकार कुणाचा यावरही मतं वेगळी आहेत. फिरिश्ता श्रेय अली आदिलशहाला देतो, किश्वरखान आणि शाह अबू तुराब शिराझी या त्याच्या सल्लागारांनी सुचवलं असं म्हणतो. गोवळकोंड्याचा इतिहास इब्राहीम कुतुबशहाला पुढे करतो. प्रत्येक दरबाराने आपलाच राजा शहाणा दाखवलाय. मध्यस्थी गोवळकोंड्याच्या मुस्तफाखान अर्दिस्तानीने केली यावर मात्र फारसा फरक नाही. ठरलं ते साटंलोटं: हुसेनची चांदबीबी अलीला आणि अलीची बहीण हदिया सुलताना हुसेनच्या मुलाला, मुर्तजाला, चांदबीबीबरोबर सोलापूर. आपल्याकडे खेड्यापाड्यांत आजही साटंलोटं म्हटलं की लोक म्हणतात एकीला दुखलं की दुसरीला भोगावं लागतं, तसाच हा दोन्ही बाजूंनी ओलीस ठेवल्यासारखा प्रकार. लगेच 23 जानेवारी 1565 ला कृष्णेच्या काठाजवळ तालिकोटची (राक्षसतागडीची) लढाई झाली, रामराय मारला गेला आणि विजयनगरची वाताहत झाली. त्याच वर्षी हुसेनही वारला.

सासर आणि माहेर परत समोरासमोर

ज्या कारणासाठी लग्न झालं ते कारण काही महिन्यांतच संपलं. रामराय गेला, बाप गेला, भाऊ मुर्तजा लहान म्हणून आई खुंझा हुमायूँ कारभार बघायला लागली. 1567 मध्ये विजापूरच्या किश्वरखान लारीने निजामशाही मुलुखात घुसून धारूरला (आता बीड जिल्हा) किल्ला उभा केला आणि 1569 मध्ये मुर्तजाने तो घेतला, त्यात किश्वरखान मारला गेला. म्हणजे चांदबीबीचा नवरा तिच्या आईशी आणि भावाशी लढत होता. 1570 मध्ये दोघं परत एक झाले, मुर्तजाने चौलला आणि अलीने गोव्याला पोर्तुगिजांवर वेढा घातला, दोघांनाही यश आलं नाही.

याच काळात आईचं काय झालं ते पुण्यात बघायला मिळतं. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं आफताबी नावाच्या कवीचं सचित्र फारसी काव्य भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत हुसेनच्या शेजारी खुंझा हुमायूँ होती, सिंहासनावर अगदी त्याला खेटून, पण बहुतेक ठिकाणी तिची आकृती मुद्दाम पुसलेली आहे, राजा नीट दिसतो आणि शेजारी नुसता रंगाचा डाग. 1571 च्या आसपास मुर्तजाने आईला कैद करून सत्ता घेतली तेव्हा हे केलं असावं असं बहुतेकांचं मत, आणि ते पटतं. चांदबीबी तेव्हा विजापुरात विशीची होती.

विजापुरातल्या त्या सोळा वर्षांबद्दल समकालीन साधनं फार थोडं सांगतात. ती नवऱ्याबरोबर मोहिमेवर आणि शिकारीला घोड्यावरून जायची, तिला फारसी, अरबी, कानडी, मराठी यायची, ती चित्रं काढायची, असं जे सगळीकडे वाचायला मिळतं ते बऱ्यापैकी नंतरच्या लिखाणातून आलेलं आहे. हातावर ससाणा घेतलेली तिची सुंदर दखनी चित्रं आहेत तीसुद्धा तिच्यानंतर शंभरेक वर्षांनी काढलेली. विजापुरातली चांद बावडी अलीने तिच्या नावाने बांधली असं मानतात. मूल झालं नाही. दोन राज्यांची गाठ कायमची बांधायला जो वारस लागतो तो नव्हता, आणि तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

विजापूरचा कारभार आणि साताऱ्याची कैद

एप्रिल 1580 मध्ये अली आदिलशहाचा महालातच एका खोजाने खून केला. मुलगा नव्हता म्हणून पुतण्या इब्राहीम, वय नऊ, गादीवर बसला आणि त्याला वाढवायचं काम चांदबीबीकडे आलं. हाच पुढचा दुसरा इब्राहीम आदिलशहा, गाण्याचं वेड असलेला. कारभारी कामिलखान दखनी तिचा मान ठेवेना तेव्हा तिने हाजी किश्वरखानाला हाताशी धरून त्याला काढलं (हा किश्वरखान वेगळा, धारूरला मेला तो वेगळा, बऱ्याच ठिकाणी दोघांची सरमिसळ झालेली दिसते).

पण हाही तसाच निघाला. त्याने बंकापूरला असलेल्या मुस्तफाखान अर्दिस्तानीला मारवलं. मुस्तफाखान म्हणजे ज्याने सोळा वर्षांपूर्वी हे लग्न जमवलं होतं तोच, मधल्या काळात तो विजापूरच्या नोकरीत आला होता. चांदबीबीने जाब विचारला. तेव्हा किश्वरखानाने तिच्यावर आरोप ठेवला की ही भाऊ मुर्तजाला विजापूरवर स्वारी करायला चिथावते आहे, आणि तिला जनानखान्यातून अपमान करून बाहेर काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवलं. आरोपाला पुरावा कुठे दिसत नाही. तो लागलाही नाही, कारण ती अहमदनगरची लेक एवढंच पुरेसं होतं. सोयरिकीच्या वेळी जे नातं आंदणासकट वाजतगाजत आणलं तेच आता गुन्हा झालं. ही कैद फार दिवस टिकली नाही, हबशी सरदार इखलासखानाने उठाव केला, किश्वरखान पळाला आणि गोवळकोंड्यात मुस्तफाखानाच्या नातलगाने त्याला मारलं. चांदबीबी परत आली. त्यानंतर निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी विजापूरला वेढा दिला, म्हणजे भावाच्या आणि बहिणीच्या सासरच्या फौजा दाराशी आणि ही आत शहर राखत बसलेली, पावसात तटाची भिंत पडली तेव्हा ती स्वतः उभी राहून काम करून घेत होती असं सांगतात. वेढा उठला. 1582 च्या सुमाराला दिलावरखानाने सगळी सत्ता घेतली आणि ती बाजूला पडली.

परत एक लग्न, परत सोलापूर

1584 मध्ये इब्राहीमची बहीण खदीजा सुलताना हिचं लग्न मुर्तजाच्या मुलाशी, मिरान हुसेनशी, ठरलं आणि नवरीला घेऊन चांदबीबी अहमदनगरला गेली. वीस वर्षांपूर्वी जी स्वतः नवरी होती तीच आता पाठराखीण. आणि मग तेच झालं. निजामशाहीचा वजीर सलाबतखान अडून बसला की सोलापूर द्या मगच लग्न लागेल. दिलावरखान फौज घेऊन निघेपर्यंत प्रकरण ताणलं गेलं आणि शेवटी मुर्तजाने सलाबतखानाला कैद केलं. साठ वर्षांत तिसऱ्यांदा सोलापूर आंदणाच्या यादीत आलं होतं. यानंतर अहमदनगरच्या गादीचे हाल झाले: 1588 मध्ये मिरान हुसेनने बाप मुर्तजाला मारलं, वर्षभरात तोही मारला गेला, मग इस्माईल, मग दुसरा बुऱ्हाण, मग त्याचा मुलगा इब्राहीम 1595 मध्ये विजापूरशी लढताना पडला. चांदबीबी या वर्षांत मागे-मागेच दिसते.

अहमदनगरचा वेढा

1595 मध्ये गादीसाठी चार गट झाले. मियां मंजूने अहमद नावाचा मुलगा पुढे केला, इखलासखानाने दुसरा, अभंगखानाने सत्तरी ओलांडलेला शाहअली (मरियमचा मुलगा तो हाच), आणि चांदबीबी मेलेल्या इब्राहीमच्या तान्ह्या बहादूरच्या बाजूने. मंजूने मदतीला मुघल शहजादा मुरादला बोलावलं आणि मग पस्तावून किल्ला सोडून गेला. डिसेंबर 1595 पासून वेढा. ज्या दगडी तटाला मुघलांनी सुरुंग लावले तो तट तिच्या बापाने 1559 ते 1562 या काळात बांधून घेतलेला, म्हणजे तिचं लहानपण त्या बांधकामाच्या धुळीतच गेलं असणार. पाच सुरुंग होते. मुघल छावणीतल्या ख्वाजा मुहम्मद शिराझीने रात्री बातमी दिली, आतल्यांनी उलट खणून दोन निकामी केले आणि तिसऱ्यावर काम चालू असतानाच तो उडाला, तटाला मोठं खिंडार पडलं. ती चिलखत चढवून तोंडावर पडदा घेऊन तिथे गेली, दिवसभर खिंडार लढवलं आणि रात्रीत भिंत पुरुषभर उंच चढवली. दारूगोळा संपल्यावर तांब्याची, मग चांदीची नाणी तोफेत घातली ही कथा नंतरची वाटते. बीबीची सुलतान झाली ती या वेढ्यानंतर असं म्हणतात.

वेढा उठायला आणखी एक कारण होतं, ते बहुतेक वेळा सुटतं. विजापूरचा सुहेलखान मोठी फौज घेऊन येत होता. ती फौज इब्राहीम आदिलशहाने पाठवलेली, म्हणजे जो नऊ वर्षांचा पोर तिने वाढवला त्याने. 1564 च्या सोयरिकीचं खरं फळ मला इथे दिसतं, तालिकोटात तेवढं दिसत नाही. 1596 च्या सुरुवातीला तह झाला, वऱ्हाड मुघलांना गेलं, बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता मिळाली.

मृत्यू

जुन्या पुस्तकांत 1599 साल आहे, पण किल्ला पडला ऑगस्ट 1600 मध्ये आणि तिचा खून त्याच्या थोडेच दिवस आधीचा, त्यामुळे 1600 हेच घ्यावं. शहजादा दानियालचा वेढा पडला होता, आत फूट, बाहेर मदत नाही. किल्ला देऊन बहादूरला सुखरूप जुन्नरला न्यावं असं तिचं मत झालं आणि ते तिने ज्याला सांगितलं त्याने (फिरिश्ता हमीदखान म्हणतो, मुघल साधनांत जीताखान हे नाव येतं) बाहेर जाऊन ओरड केली की चांदबीबी मुघलांना फितूर झाली. जमाव महालात घुसला आणि तिला मारलं. विहिरीत उडी घेतल्याची कथा खूप नंतरची आहे. विजापुरात ती अहमदनगरची हस्तक ठरली होती, अहमदनगरात मुघलांची. बहादूरला कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पाठवलं.

सोलापूरचा वाद तिच्या मागेही चालला. 1624 मध्ये भातवडीच्या विजयानंतर मलिक अंबरने ते घेतलं आणि 1636 च्या तहात ते परत विजापूरला मिळालं. नगरजवळ शाह डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत आहे आणि जिला सगळे लोक चांदबीबीचा महाल म्हणतात ती तिची नाही. ती सलाबतखानाची कबर आहे, खदीजाच्या लग्नात सोलापूर मागून अडून बसलेला तो वजीर.